वारं मागणारी वावडी

मी वावडी बोलतेय, तामलवाडीच्या बब्रुवानाच्या खळ्यावरची. तीन पाय, माणसाच्या छातीइतकी उंची आणि वर दोन पावलं मावतील एवढी फळी, झालं माझं रूप. मळणी झाली की धन्यानं माझ्यावर चढायचं आणि पाटीतला माल हळूहळू खाली सोडायचा. दाणा जड, तो पायाशी पडतो. भूस हलकं, ते वारा घेऊन जातो. त्यामुळं माझा सगळा जन्म वाऱ्याची वाट बघण्यात गेला.

बब्रुवानाचे वडील महारुद्र यांनी मला माणिकप्पा सुताराकडून बाभळीच्या लाकडाची घडवून घेतली. तेव्हा निजामाचं राज्य होतं. म्हाताऱ्यानं उगवतीच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन मला खळ्यात उभं केलं आणि माझ्या पायांसाठी तीन खळगे खणले. "हितून हिला हलवायची न्हाय," असं सगळ्यांना बजावलं. पुढं निजामाचं राज्य गेलं, म्हाताराही गेला, जिल्हा मुंबई राज्यात आला. माझे पाय मात्र दरसाल त्याच तीन खळग्यांत.

जिल्हा मुंबई राज्यात आल्यावर दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. कार्तिकात ज्वारी मळून झाली, खळ्यावर ढीग पडला आणि नेमका वारा पडला. झाडाचं पान हलेना. बब्रुवान रोज माझ्यावर चढायचा, ओंजळभर भूस सोडून बघायचा, आणि ते सरळ त्याच्याच पायावर पडायचं.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारचे शरणबसप्पा आले. चावडीवरच्या रेडिओच्या बातम्या हा माणूस कधी चुकवत नसे. त्यांनी काठीनं खळ्याच्या मातीत रेघ ओढली आणि चार रिकामी कणसं मांडली.

"ह्यो पूर्वेचा दर्या. हे मछलीपट्टण, हे हैद्राबाद, हे सोलापूर, आन् हे आपुन. दर्यात लई मोठं चक्रीवादळ उठलंय. सरळ आलं तर परवा आपल्या डोक्यावर पाऊस."

"आन् न्हाय आलं तर?" बब्रुवानानं विचारलं.

"तर वळून उत्तरेला जाईल. दिशा बदलायची शक्यता हाय म्हनले."

"शक्यता म्हंजी?"

"म्हंजी त्यांनाबी ठावं न्हाय."

शरणबसप्पा, म्हणजे आमचे अप्पा, सांगत होते, त्या वादळाचा घेर इथून पार हैद्राबादेएवढा, आणि ऐन मधोमध मात्र पान हलत नाही. मी तर ऐकूनच गार झाले. ज्या वाऱ्याची मी मूठभर भीक मागत होते, तो तिकडं डोंगराएवढा होऊन स्वतःभोवती फिरत होता, आणि आता कुठं जावं याचा विचार करत होता! एवढी थोर वस्तू या जगात आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बब्रुवानाची बायको द्वारकाबाई म्हणाली, "भुसासकट माल घरात घ्यावा. भिजला तर काळा पडंल, कोंब फुटतील. खायाला न्हाय आन् बियाला न्हाय."

पण सासू लक्ष्मीबाई ऐकेनात. "पुजलेलं खळं हाय. रास केल्याबिगर दाणा उचलला तर लक्ष्मी उठून जाती."

मग काय, सगळे आभाळाकडं बघत बसले. कणसांवरून रोज नवा वाद. कुणी वादळ सोलापुरावर आणायचं, कुणी हैद्राबादेवरूनच परत धाडायचं. बातमीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी उगवतीकडून पिंजलेल्या कापसासारखे ढग निघाले आणि बघता बघता अर्धं आभाळ व्यापून बसले. 

दुपारी वारा आला. पण उगवतीचा नव्हे, उत्तरेचा. वादळाच्या पदराचा तो वारा असल्याचं अप्पांनी सांगितलं.

बब्रुवान लगबगीनं चढला आणि पाटी सोडली. वारा आडवा, त्यामुळं भूस गरकन फिरून पायाशी पडलेल्या दाण्यावर आणि बब्रुवानाच्या डोळ्यांत गेलं. दुसरी पाटी, तीच गत. "वावडी फिरवा," द्वारकाबाई म्हणाली. डोळे चोळत तो म्हणाला, "आबांनी खणलेले खळगे हैत. ते कसे सोडायचे?"

तेव्हा द्वारकाबाईचा बांध फुटला. "आवं, येवढं दर्यावरचं वादळ वळंल म्हनून तीन दिस आस धरून बसलाव. आन् ही तीन पायांची वावडी आपल्याच्यानं वळवत न्हाय व्हय?"

 लक्ष्मीबाई उठल्या, माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "काढा."

इतक्या वर्षांनी माझे पाय खळग्यांतून निघाले आणि उत्तरेच्या वाऱ्याच्या बेतानं नव्यानं रोवले गेले. बब्रुवानाचे डोळे सुजले होते, म्हणून द्वारकाबाई पदर खोचून माझ्यावर चढली. त्या घरातली बाई त्याआधी कधी माझ्यावर उभी राहिली नव्हती. तिनं पहिली पाटी हळूहळू सोडली. आणि ते वारं! न थांबता, न चुकता, एका सुरात. ज्याचं भय घेऊन आम्ही बसलो होतो, तेच आमचा दाणा निवडून देत होतं. दिवेलागणीच्या आत रास पूजून माल घरात गेला. मागून चार थेंब पडले, तेवढेच.

सकाळी शरणबसप्पा ओरडतच आले, "वळलं! वळलं!" लक्ष्मीबाईंनी तुळजापूरकडं हात जोडले. गूळ वाटला.

द्वारकाबाईनं विचारलं, "अप्पा, वळून कुठं गेलं?"

अप्पांनी काठी मछलीपट्टणच्या कणसापाशी नेली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं वर सरकवली. "हितं. गावंच्या गावं..." आणि त्यांनी काठीनं तिथली माती पुसून टाकली.

धान्य मोजताना आपल्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्या दिवशी द्वारकाबाईनं ते लाभाचं माप बाजूला काढलं आणि माझ्या फळीवर ठेवलं. वादळ गेलं तिकडं ते पोचवायचं कसं, हे तिला कुठं ठाऊक होतं?

उन्हाळ्यात सडकेच्या कामावर वडार आले, तेलुगू बोलणारे. त्यांतली एक बाई पाणी मागायला दारात आली. द्वारकाबाईनं उगवतीकडं हात करून, तो गरगर फिरवून विचारलं, "तुमच्याकडं गेलतं का वादळ?" त्या बाईनं आपला तळहात उभा धरला आणि हळूच आडवा केला. घर. मग पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा कमरेइतक्या उंचीवर हात धरला, आणि तोही मातीला टेकवला.

द्वारकाबाईनं ते जपून ठेवलेलं लाभाचं माप तिच्या पदरात रितं केलं. दोघी दारातच रडल्या. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती.

आता उपणणीला पंखा आलाय. हातानं फिरवला की वारा हजर. माझे तीन खळगे बुजले. एक पाय किडलाय आणि मी दाराशी लिंबाखाली उभी असते. पण कार्तिकात लाभाचं माप अजून माझ्यावरच येतं आणि येईल त्या परमुलखातल्या माणसाच्या पदरात जातं.

माझी एवढीच विनवणी आहे. वादळ वळल्याची बातमी आली, तर देवाला हात जोडा, गूळही वाटा. फक्त तोंड गोड झाल्यावर एवढं विचारा, की ते वळून कुठं गेलं?