बाहेरचा घोडा

कुळाचे प्रमुख म्हणून मिरवता ना? मग ऐकून घ्या. त्या पोरीच्या डोळ्यावर चाबूक बापाने ओढला, पण त्याच्या हातात बळ तुमच्या हुकमाचं होतं.

सकाळ रोजच्यासारखीच होती. बाप तबेल्यात घोडीला खरारा करत होता, पोरगी बादल्या भरत होती, आई गव्हाणीत चारा टाकत होती. तुमचा निरोप घेऊन आत्या आली. पोरगी आत्याच्याच मुलाला द्यायची, रक्त घरातलं घरात ठेवायचं, असं तुम्ही ठरवलं होतंत. आईच्या हातातला चारा हातातच राहिला. तीही अशीच नात्यातल्या नात्यात दिलेली. पोरीच्या पाठची दोन्ही बाळं मान न धरताच गेली. एकाच रक्तात पिढ्यान्पिढ्या लग्नं करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. तुम्ही म्हणालात, सुनेची कूसच वाईट.

पोरीने नकार दिला. बापाने आधी हसण्यावारी नेलं, मग समजावलं, बाहेरचं रक्त आपल्यात चालत नाही.

"बाहेरचं कोण, बाबा? मागे मागे गेलं तर आपलं आणि या घोडीचं मूळही एकच निघतं. सगळ्या जिवांचा पूर्वज एक. शाळेत शिकलेय मी."

"घ्या! लेक तुला घोड्यात काढतेय, दादा," आत्या फिसकन हसली.

पोरगी थांबली नाही. "शिंगरं लुळी निघायला लागली तेव्हा बाहेरचा घोडा आणलात ना? मग माझ्याच पोटी लुळी पोरं कशाला?"

खुंटीवरचा चाबूक निघाला. पाठ फुटली, पोरगी गुडघ्यावर आली. लग्नाला हो म्हणतेस का, असं बाप विचारत होता आणि मारत होता. ती नाहीच म्हणत राहिली. मग चाबकाची वादी डोळ्यावर बसली आणि बादलीतलं पाणी लाल झालं. आत्या दार अडवून उभी होती.

बापाने पुन्हा हात उगारला. आईने नाल ठोकायचा हातोडा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

"आता उचला हात," ती नवऱ्याला म्हणाली. मग नणंदेकडे वळली. "वन्सं, दारातून बाजूला व्हा."

डोळा गेला. मायलेकी आता दवाखान्यामागच्या खोलीत राहतात. आई तिथल्या चादरी धुते. तुम्ही सांगावा धाडलात, पाया पडा, पोरीला लग्नाला उभी करा, मग घरात घेऊ. आईने तो माणूस उंबऱ्यावरूनच परत पाठवला.

आत्याच्या मुलासाठी तुम्ही आता पोरीची चुलतबहीण धरली आहेत. तिची आई काल त्या खोलीवर येऊन गेली. चहालाही शिवली नाही. पोरीच्या डोळ्यावरची पट्टी बघत बसली आणि उठताना एवढंच म्हणाली, "माझीही नाहीच म्हणतेय."

तिला काय सांगणार आहात? उत्तर द्या.