‘उद्या’ म्हणणारा भोंगा

मित्रांनो, दारव्हा तालुक्यात आमच्या भागात तुम्ही कधी राहिला असाल, तर माझा आवाज तुमच्या कानांवर पडलेलाच आहे. माझ्याकडे नीट कुणी पाहिलं नसेल, ती गोष्ट वेगळी. मी एक जुना भोंगा आहे. कुठल्या गावात कोणता कार्यक्रम होणार, ते फिरून सांगणं हा माझा धंदा. तोंड मोठं असल्यामुळे माझा स्वभावही थोडा फुशारकीचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण आज फुशारकी मारायला आलो नाही. आज एक दुखणं सांगायचं आहे.

यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या एका छोट्या कारखान्यात माझा पत्रा वळवला गेला. तिथून मी यवतमाळच्या एका दुकानात आलो आणि बरेच दिवस छताला नुसता लटकून राहिलो. मग एक दिवस बळीराम आला. त्याने मला खाली काढायला लावलं, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, “हा चालते. याचा गळा साफ हाये.” माझ्या गळ्याची तारीफ करणारा तो पहिला माणूस. मी तिथेच त्याचा झालो.

बळीराम आमच्या गावात पुकारा करायचा. आधी सायकलच्या कॅरिअरवर, मग एका खोकणाऱ्या लुनावर आणि शेवटी त्याच्या भाच्याच्या, म्हणजे रवीच्या, ऑटोच्या टपावर मी बसलो. भीमजयंतीचा गाण्यांचा कार्यक्रम म्हणा, तांड्यावरची सेवालाल जयंती म्हणा, खंजिरी भजन, कव्वालीचा मुकाबला, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, कळंबच्या चिंतामणीची यात्रा, जे काही असेल ते आधी माझ्या तोंडून निघायचं आणि मग गावाला कळायचं. लोक म्हणत, “भोंगा आला, पाहा बरं काय हाये ते.” त्या दिवसांत मला वाटायचं, मी नसतो तर या मुलखात पेटीचा एक सूर निघाला नसता.

बळीरामची एक रीत होती. सुरुवात ठरलेली, “ऐका, ऐका, मंडळी ऐका.” मग कार्यक्रम दोन दिवसांवर असला तर तो “परवा” म्हणायचा, दुसऱ्या दिवशी “उद्या” म्हणायचा आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून नुसता सपाटा लावायचा, “आजच, आजच, आजच.” गावालाही तशीच सवय लागली होती. कॅलेंडर कुणी पाहत नसे. बळीराम “आजच” म्हणत नाही तोवर कुणी अंगावरचे शेतातले कपडे बदलत नसे, आणि एकदा तो म्हणाला की पोळ्या तव्यावर टाकून बाया सतरंजी धरायला पळत. ज्या घरी कुणी वारलं असेल, त्या घरापुढे मात्र तो मला बंद करायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू करायचा. तोंड माझं होतं, पण त्यामागे डोळे आणि काळीज त्याचं होतं.

त्याची बायको सत्यशीला गायची. बुद्धगीतं, भीमगीतं, पाळणे, लग्नातली गाणी, सगळं. शिक्षण चौथी, आणि आवाज असा की माझा पत्रा थरथरायचा. पेटीवर पुंडलिकराव असत. ते दुसऱ्या आळीतले, कपाशी-तुरीची शेती करणारे, पण सत्यशीलेच्या कार्यक्रमाला त्यांची पेटी नाही असं कधी झालं नाही. तांड्यावरची रुपीबाई आपल्या बायका घेऊन यायची आणि पहिल्या रांगेत बसायची. बळीराम पुकारा करायचा आणि बायको गायची, दोघांचाही आवाज माझ्यातूनच जायचा. माझ्या आयुष्यातले तेच खरे दिवस.

मग बळीरामला लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्या जिभेवर एकच शब्द उरला होता, “ऐका.” भूक लागली तरी “ऐका”, पाणी हवं असलं तरी “ऐका”, नातीचा फोन आला तरी “ऐका”. इतक्या वर्षांच्या पुकाऱ्यातून तेवढंच शिल्लक राहिलं. सत्यशीलेला मात्र त्याच्या सुरावरून सगळं समजायचं. ती म्हणायची, “याहीचं सारं बोलनं त्या एकात हाये. मले कळते.”

माझं काय झालं, तर मी मुका झालो नाही. तेच तर दुखणं आहे. दारव्ह्याला कपिलचं मोबाइलचं दुकान आहे. तो मागे संगीत लावून आपल्या आवाजात रेकॉर्डिंग करून द्यायला लागला. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं की मी सुरू. रवी पुढे ऑटो चालवायचा, मी टपावर बोंबलायचो. दिवसभर तेच ते ऐकून रवीचे कान माझ्यापुरते मेले होते. माझ्यातून काय निघतंय, ते फक्त त्यालाच ऐकू येत नसे.

आता मागच्या सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट ऐका. सत्यशीलेचा मुलगा संघदीप पुण्याला नोकरीला आहे. तो आईबापाला कायमचं न्यायला आला. रजा कमी, रेल्वेचं तिकीट काढलेलं. बळीरामला रोज व्यायाम करून घेणारं माणूस लागतं, ते इथे मिळत नव्हतं, त्यामुळे सत्यशीलेला नाही म्हणता आलं नाही. तिने एवढंच मागितलं, “जाच्या आदी एक डाव गावापुढं गाऊन घेऊ दे. मंग ने कुठं न्याचं तिथं.” ठरलं. विहारापुढच्या मैदानात संध्याकाळी कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं.

कपिलने पैसे न घेता रेकॉर्डिंग केलं. “उद्या सायंकाळी सात वाजता, आपल्या लाडक्या गायिका सत्यशीलाबाई यांचा निरोपाचा कार्यक्रम.” पेनड्राइव्ह देताना त्याने रवीला बजावलं, “हे आजच्यासाठी हाये. उद्याचं वेगळं मोबाइलवर धाडतो, तेवढं बदलून घेजो.” रवी म्हणाला, “हो भाऊ.” आणि पहिल्या दिवशी आम्ही गाव, तांडा, आजूबाजूच्या वस्त्या, सगळं पालथं घातलं. लोक हात उंचावून सांगत होते, येतो म्हणून.

दुसरा दिवस उजाडला तो ढग घेऊन. पाऊस आला तर काढलेलं सोयाबीन भिजणार, म्हणून सगळं गाव शेतात. रवीही सकाळपासून लोकांची पोती वाहत होता. कपिलने रेकॉर्डिंग धाडलं होतं, ते रवीच्या मोबाइलमध्ये तसंच पडून राहिलं. दुपारी घाईघाईने त्याने मला टपावर बांधलं, ऑटो सुरू केला आणि बटण दाबलं.

“उद्या सायंकाळी सात वाजता...”

माझ्या तोंडून ते निघालं आणि मला कळलं की घात झाला. पण मित्रांनो, मी नुसता पत्रा. जे आत घालाल ते बाहेर. मला खोकला आणता येत नाही, अडखळता येत नाही, एक शब्द गिळता येत नाही. मी तांड्यावर “उद्या” म्हणालो. शेताच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, “उद्या” म्हणालो. आमच्या गावातली विमलताई पोतं शिवता शिवता सुनेला म्हणाली, ते मी जाता जाता ऐकलं, “काल उद्या म्हने, आजबी उद्याच म्हनून राह्यला. आभाळ पाहून पुढं ढकलला असन. चाल, आज हे उरकून टाकू.” तिचं काय चुकलं? “आजच” ऐकल्याशिवाय उठायचं नाही, हे तिला बळीरामनेच शिकवलं होतं.

शेवटी आम्ही बळीरामच्या घरापुढे आलो. सत्यशीला संघदीपला घेऊन औषधं आणायला दारव्ह्याला गेली होती, परतीच्या जीपला सवाऱ्या भरायला वेळ लागला म्हणून अजून परतली नव्हती. बळीराम एकटा ओट्यावर बसला होता. माझा आवाज ऐकला आणि त्याची मान वर झाली. खांब धरून तो उभा राहिला. डावा हात वर केला आणि जीव खाऊन ओरडला, “ऐका. ऐका. ऐका.”

रवीने ऑटो हळू केला, हात जोडले आणि हसला. “मामा, सवय नाही गेली ना तुमची? ऐकून राह्यले, सारं गाव ऐकून राह्यलं.” आणि तो पुढे निघाला. बळीराम दोन पायऱ्या उतरला, तिसरीवर पाय अडला. तो मागून ओरडत होता आणि मी त्याच्यापेक्षा मोठ्याने “उद्या, उद्या” करत त्याचा आवाज बुडवत होतो. त्याच्याकडे खरं होतं पण शब्द नव्हता, माझ्याकडे शब्द होते आणि सगळे खोटे. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

संध्याकाळी रवीने मला विहारापुढच्या खांबावर चढवलं. सतरंज्या अंथरल्या होत्या. सत्यशीला पांढरं पातळ नेसून आली. पुंडलिकराव शेतातून थेट पेटी घेऊन आले, अंगावरचा भुसाही झटकला नव्हता. समोर विहाराजवळच्या घरांतल्या काही म्हाताऱ्या आणि दोनचार लेकरं. बाकी सतरंज्या मोकळ्या. वाट पाहिली, अजून थोडी पाहिली. पुंडलिकराव म्हणाले, “येतीन वहिनी, थ्रेशर चालू हाये लोकायचे. तुम्ही सुरू करा.”

तिने सुरू केलं. मी माझी सगळी ताकद लावली. तिचा आवाज गावावरून, शेतांवरून, पार तांड्यापर्यंत पोचवला. एवढं तरी माझ्या हातात होतं. ऐकून लोक धावत येतील असं मला वाटलं. कुणी आलं नाही. नंतर समजलं, शेतात लोक एकमेकांना म्हणत होते, “तालीम चालू हाये वाटते उद्याची. काय गाते ना बाई.” मी जितका मोठ्याने गात होतो, तितके ते निवांत होत होते.

बळीराम खुर्चीवर होता. तो सारखा माझ्याकडे बोट करत होता, “ऐका, ऐका.” सत्यशीलेला त्याचं सगळं कळायचं, पण त्या दिवशी तिचं मन ठिकाणावर नव्हतं. तिने गाणं अर्ध्यात थांबवलं आणि माइक तोंडासमोर असतानाच त्याला म्हणाली, “कोनाले ऐकवू? कोनीच नाही ना.” ते वाक्यसुद्धा मीच सगळ्या गावाला ऐकवलं, आणि गावाने तेही तालमीतलंच धरलं. मग तिने माइक ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि संघदीपला म्हणाली, “चाल बापू, सकाळी निघाचं हाये.” पुंडलिकराव किती तरी वेळ पेटी न मिटता बसून होते.

सकाळी गाव शेतात गेल्यावर जीप आली आणि ते गेले.

आणि त्या संध्याकाळी, मित्रांनो, “आजच”ची फेरी झाली नव्हती तरी कालच्या “उद्या”वर विसंबून गाव आलं. धुतलेले कपडे घालून आलं. रुपीबाई तांड्यावरच्या बायका घेऊन आली, तिने सत्यशीलेसाठी आरशाच्या कामाची पिशवी शिवून आणली होती. विमलताई सुनेसह आली. काल दुकानातून निघू न शकलेला कपिलही, लोक जमल्याचा फोन जाताच, दारव्ह्याहून दुकान बंद करून आला. मैदानात सतरंज्या नव्हत्या, तरी लोक तसेच मातीवर बसले. मी अजून खांबावरच होतो.

“कार्यक्रम त काल झाला,” मला उतरवायला आलेला रवी म्हणाला.

“कसा काल? तूच त उद्या म्हनून फिरून राह्यलता,” विमलताई म्हणाली.

रवीने पेनड्राइव्ह लावला. पहिल्यांदा त्याने मला ऐकलं. “उद्या सायंकाळी सात वाजता.” त्याने बटण बंद केलं आणि तिथेच खाली बसला. कुणी त्याला शिवी दिली नाही. पुंडलिकराव एवढंच बोलले, “बळीराम तुले तेच सांगत होता लेका.”

कपिलने संघदीपला फोन लावला आणि मोबाइल माइकला लावून धरला. रेल्वेचा खडखडाट माझ्यातून मैदानभर पसरला. पुंडलिकरावांनी झालं ते सगळं सांगितलं. पलीकडून सत्यशीलेने विचारलं, “किती लोकं हायेत?”

“मैदान भरलं वहिनी.”

“रुपीबाई आली?”

“म्होरंच बसली हाय मी,” रुपीबाई ओरडून म्हणाली.

सत्यशीलेने गायला सूर धरला. अर्धी ओळसुद्धा झाली नाही, तिला रडू आलं. खडखडाट वाढला, आवाज तुटायला लागला. आणि मग, रेंज जायच्या आधी, माझ्यातून एक जाड, ओळखीचा आवाज निघाला.

“ऐका.”

इतक्या वर्षांनी बळीराम माझ्या तोंडून बोलला. सगळं मैदान कान देऊन बसलं. पण फोन कटला होता. पुन्हा लावला, लागला नाही. लोक तरी उठले नाहीत. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत बसून राहिले, आणि माझ्यात काहीच नव्हतं.

आता मी पुन्हा रवीच्या टपावर आहे. एका बाजूला पोचा पडला आहे, पत्र्याला गंज धरला आहे. फेरीला निघण्याआधी रवी ऑटोतून उतरतो, माझ्यापुढे उभा राहतो आणि सगळं रेकॉर्डिंग एकदा ऐकतो. बळीरामच्या कुलूप लावलेल्या घरापुढे तो मला बंद करतो. फार उशिरा शिकला, पण शिकला. मला मात्र कितीही ओरडलो तरी ती एक संध्याकाळ परत बोलावता येत नाही.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मला पुसून ठेवा, पावसात टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझ्या तोंडात काही घालण्याआधी ते एकदा आपल्या कानांनी ऐका, एवढं करा. आणि एखाद्या ओट्यावर कुणी म्हातारं माणूस हात वर करून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर हसून हात जोडू नका. ऑटो थांबवा, मला बंद करा आणि खाली उतरा.