फुलांच्या पाण्यावरचं झाकण

मी झाकण बोलतोय. पातेल्यावरचं. हसू नका. कौतुक सगळं पातेल्याचं होतं, वाफ कोण धरून ठेवतं हे कुणी विचारत नाही.

जन्म माझा कारखान्यातला. ज्या पातेल्याबरोबर दुकानातून आलो, ते बूड जळून केव्हाच भंगारात गेलं. मग मला दुसऱ्या पातेल्यावर बसवलं. जरा सैल बसतो, पण बसतो.

हे घर एका रंगाऱ्याचं. सूत रंगवण्यात त्याचा जन्म गेला. संध्याकाळी तो कामावरून आला की त्याची बायको फुलांचं पाणी करायची. बडीशेप, वेलची आणि दालचिनीचा तुकडा चांगला उकळायचा, गॅस बंद करायचा, मग गुलाबाच्या आणि शेवंतीच्या सुकवलेल्या पाकळ्या टाकायच्या, आणि लगेच वर मी. ते प्यायलं की दिवसभर कुरकुरणारा हा माणूस मऊ व्हायचा.

मग ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. डॉक्टर म्हणाले, "आता चालायला लागा. आता नाही उठलात, तर पुढे उठणं अवघड." पण तिच्या मनात भीतीच बसली. पाय जमिनीला टेकवायचा म्हटलं की अंग थरथरायचं.

"तुझं ते पाणी मी करतो. जिवाला बरं वाटेल," रंगारी म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओट्याशी उभा राहिला.

आता रंगाऱ्याच्या हातात फुलं दिली तर तो काय करणार? रंग काढणार! फुलं, मसाले सगळं एकदम पातेल्यात, गॅस मोठा, खळखळ उकळी. मी बाजूला, कारण झाकण ठेवलं तर रंग उतरलेला दिसणार कसा?

पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "अहो, हे प्यायचंय की चादर रंगवायचीय?"

"रंग बघ ना कसा आलाय."

"कडू झालंय. फुलं उकळायची नसतात. गॅस बंद करून टाका आणि वर झाकण ठेवा."

"हो हो."

हो म्हणायचं आणि आपलंच खरं करायचं. पालथ्या घड्यावर पाणी! रोज कडूजहर व्हायचं, ती दोन घोट घेऊन कप ठेवून द्यायची. पलंगाशेजारचा वॉकर तसाच उभा. मला फार वाईट वाटायचं. एकदा पातेलं ढवळताना तो हळूच म्हणाला, "ही चाललीच नाही तर?" तिथं दुसरं कुणी नव्हतं. मलाच म्हणाला असेल.

आज संध्याकाळीही तेच चाललं होतं. खोलीतून आवाज आला, "गॅस बंद करा. उकळतंय, ऐकू येतंय मला."

"अजून रंग नाही उतरला."

"अहो, फुलांचा जीव घेताय तुम्ही."

"पाचच मिनिटं."

खोलीतला पलंग करकरला. वॉकरचा ठोका आला. जरा थांबून आणखी एक. रंगाऱ्याच्या हातातला चमचा हातातच राहिला. ती दारात दिसली, घामाघूम आणि भयंकर चिडलेली.

"ओतून टाका ते," ती म्हणाली. त्यानं ते मोरीत ओतलं. तिनं नवं पाणी ठेवलं, मसाले उकळले, गॅस बंद केला, पाकळ्या टाकल्या आणि मला वर ठेवलं. रागानं असं दाबलं की मी खडखडलो.

"आता थांबायचं. वाफ मुरू दे."

रंगारी तिच्या पायांकडे बघतोय. त्याचे डोळे भरलेत. आपण इथवर चालत आलो, हे तिच्या अजून लक्षातच आलेलं नाही.

एरवी मी कुणाकडे काही मागत नाही, आज मागतो. पाणी केव्हाच तयार झालंय, पण मला एवढ्यात उचलू नका. ती उभी आहे.