लाल बटणाला लागलेली धास्ती

हो, मीच बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, यंत्राच्या उजव्या कुशीत बघा. पिवळ्या चकतीवर बसलेलं, तळहाताएवढं लाल बटण, तोच मी. मला दाबलं की बिस्किटांचा अख्खा पट्टा जागच्या जागी थांबतो. बाकीची यंत्रं काम करायला जन्माला येतात, मी काम बंद पाडायला आलो.

साच्यातून निघालो तेव्हा आम्हा सगळ्या भावंडांना एकेक ठोसा मारून तपासलं गेलं. जन्मल्या जन्मल्या मार खाल्ला म्हणा ना! मग वायरमनने मला इथे बसवलं आणि शेजारच्या जबड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याच्यावर नजर ठेव बाबा." हा जबडा पाकिटांची तोंडं गरम दाबून बंद करतो. तो वाईट नाही हो, पण पाकीट आणि बोट यांतला फरक त्याला कळत नाही.

माझे चांगले दिवस मावशीने दाखवले. पट्ट्यावर काम करणाऱ्या सगळ्यांचीच ती मावशी. रोज सकाळी पट्टा सुरू झाला की आधी माझ्या डोक्यावर एक चापट मारायची. "उठलास का रे?" पट्टा थांबायचा. "उठलाय गं बाई," असं म्हणून मला फिरवून पट्टा पुन्हा सुरू करायची आणि मगच कामाला लागायची.

मग भिंतीवर पडदा आला. सुपरवायझर म्हणाले, "कोणाला शिक्षा नाही हं, ही नुसती माहिती." जबड्यापाशी ज्याचं कार्ड लागलेलं असेल, त्याच्या नावापुढे पट्टा थांबला की एक लाल खूण पडते. महिनाअखेरीला ज्याच्या खुणा सर्वांत जास्त, त्याला घरी पाठवतात. वा रे माहिती!

सकाळची चापट बंद झाली. पाकीट अडकलं तर बायका चालत्या पट्ट्यावर हात घालून ते ओढायला लागल्या. पूर्वी कोणी दाबलं की मी दचकायचो, आता कोणीच दाबत नाही म्हणून जीव टांगणीला लागलाय.

मी स्वतः यंत्र आहे, यंत्रांना नावं कशाला ठेवू? मोजायलाही माझी ना नाही. पण पडद्याला वाया गेलेला वेळ दिसतो, वाचलेलं बोट दिसत नाही. बोट वाचलं की काही घडलेलंच नसतं, आणि न घडलेल्याची खूण करणार कुठे?

अशात मावशीने आपल्या बहिणीच्या मुलीला इथे चिकटवून दिलं. घर त्या पोरीच्या पगारावर चाललेलं. पहिल्याच दिवशी मावशी तिला म्हणाली, "काही झालं तरी याला हात लावायचा नाही. नव्या माणसाला एक खूणसुद्धा महागात पडते." मायेपोटीच म्हणाली हो.

व्हायचं तेच झालं. जेवणाच्या सुट्टीनंतर भाची जबड्यापाशी उभी होती. पाकीट अडकलं, तिने हात घातला आणि हातमोज्याचं टोक आत ओढलं गेलं. दुसरा हात माझ्यावर आला, इतका जवळ की मला तळव्याची ऊब लागली. आणि तिथेच थांबला. ती पडद्याकडे बघत होती! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण बटणाचं ओरडणं ऐकतो कोण?

खोकी टाकून मावशी धावत आली आणि दोन्ही मुठींनी मला हाणलं. पट्टा थांबला. दोन बोटांची टोकं भाजली, पण हात बाहेर आला.

पडद्यावर खूण पडली ती भाचीच्या नावापुढे.

"मी दाबलंय, माझं नाव लावा," मावशी सुपरवायझरना म्हणाली.

"कार्ड तिचं होतं, मावशी. मशीनमध्ये बदलता येत नाही."

"मशीनला नसेल येत. तुम्हाला तर येतं ना?"

ते पुढच्या पट्ट्याकडे निघून गेले. त्यांचंही नाव कुठल्यातरी पडद्यावर असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने जबड्यापाशी स्वतःचं कार्ड लावलं आणि सणकन चापट मारली. "उठलास का रे?" लाल खूण. थोड्या वेळाने पुन्हा, "जागाच आहेस ना?" आणखी एक.

भाचीच्या लक्षात आलं. "अगं मावशी, तुलाच काढतील!"

"काढू देत. गुडघे तसेही कुरकुरतायत माझे. तुझी एक खूण, माझा ढीग. बघू मशीन कोणाला निवडतं ते."

ज्या चापटीची मी आतुरतेने वाट बघायचो, ती आता नकोशी झालीय. दर चापटीला मावशी दाराच्या दिशेने एक पाऊल सरकते. वाटतं, एकदा रुसून अडकून बसावं. पण हात पडला आणि मी थांबवलं नाही, तर मी कसला?

काल भाचीनेही पट्टी बांधलेला हात माझ्यावर उगारला. मावशीने तिचं मनगट धरलं. "तू नाही. तू खरंच अडकलीस तर दाब. तेव्हा मात्र दाब, मी तुला चुकीचं शिकवलं होतं." भाचीने मान डोलावली. पण डोलावताना तिचे डोळे पुन्हा पडद्याकडेच गेले, आणि मी ते पाहिलं.

महिना संपत आलाय. लवकरच मावशी इथे नसेल. पोरी, मला हात नाहीत, मी तुझ्यापर्यंत पोचू शकत नाही. तुलाच यावं लागेल. त्या वेळी वर बघू नकोस गं. खाली बघ. मी जागा आहे.