बुंदीचा गुलाब

आमच्या निर्मळ गावच्या, फुलं-भाजी पिकवणाऱ्या वाडीवाल्याला सहलीला नेऊ नये. त्याला किल्ले दिसत नाहीत, झाडं दिसतात. माझा नवरा सिप्रियन त्यातलाच.

रोवेना आमच्या चित्रकलेच्या वर्गाची शिक्षिका. तिने आम्हा आठ बायकांना राजस्थानातल्या डोंगरात, बुंदीला नेलं. नवऱ्यांना आणायची मुभा दिली, तिथेच चुकलं. ख्रिसमसला चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं आणि प्रत्येकीने बुंदीत काढलेलं एक चित्र द्यायचं होतं. लग्नाआधी मी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. नंतर छत्तीस वर्षं फुलं खुडली, पालेभाजीच्या जुड्या बांधल्या. भिंतीवर माझं नाव लागणार होतं ते आता, साठीत.

पहिले दोन दिवस गाईडच्या मागे धापा टाकत राजवाडा बघितला, पायऱ्यांची विहीर बघितली. कागदावर मात्र काही उतरेना. हिरव्यात वाढलेली मी, उघडेबोडके डोंगर काढायचे कसे? तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या गच्चीत हट्टाने बसले, ऊन उतरेपर्यंत उठले नाही. आणि जमलं. तापलेला डोंगर, त्याला बिलगलेला राजवाडा, खाली निळी घरं. रोवेनाने बघून नुसता माझा खांदा दाबला. खोटं कशाला बोलू, मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

परतीच्या गाडीत सुरत गेल्यावर वर्गातल्या लविनाला चित्र दाखवायला वही उघडली. पान नव्हतं. फाटलेली कड तेवढी उरली होती.

"ते होय?" म्हणत सिप्रियनने बाकाखालून पिशवी ओढली. हॉटेलच्या माळ्याकडून आणलेल्या गुलाबाच्या चार काड्या, बुडाशी ओला कागद गुंडाळून सुतळीने आवळलेला. कागदातून निळं पाणी गळत होतं.

"वास काय होता गं त्या फुलाला! आपल्याकडे कुणाच्याच वाडीत नाही," तो म्हणाला. "पेपर कुठे मिळेना. हा कागद जाड, पाणी धरतो."

लविना खिडकीबाहेर बघायला लागली. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"वहीत वीस पानं कोरी होती, सिप्रियन."

"म्हणून तर," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "कोरी तुला लागतील. हे वापरलेलं होतं." आणि बाटलीतलं पाणी त्याने कागदावर हलकेच शिंपडलं.