दोराचं दुसरं टोक

त्या दिवशी आभाळ अगदी कोरडं होतं. ऑगस्टचं ऊन आणि वर हलका वारा. ओली चादर टाकावी आणि पाठ वळवेपर्यंत ती कडक व्हावी, असा दिवस. आणि माझ्या अंगावर साधा रुमालसुद्धा नव्हता.

मी दोर बोलतोय. कपडे वाळत घालायचा, सुती, जाड पिळाचा. मला अक्षर येत नाही. अंगावरून गेलं तेवढंच सांगतो.

जॉर्जियातल्या एका लहान गावात, आर्वेला मॅब्रीच्या परसात, दोन झाडांमध्ये मी ताणलेला असे. आर्वेला गोऱ्या घरांची धुणी घ्यायची. सात वर्षं मी त्यांच्या चादरी, झबली, कडक कॉलरचे सदरे वाहिले. स्वतःच्या घरचे कपडे ती अगदी कडेला, झाडाच्या सावलीत घालायची. ऊन पाहुण्यांना, सावली घरच्यांना. असं का, ते मी कधी विचारलं नाही.

तोवर गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. त्या वर्षी वसंतात शाळाखात्याकडून घरोघर एक कागद आला होता. मूल कुठल्या शाळेत घालायचं ते तुमचं तुम्ही लिहून द्या, असा. आर्वेलाने आपल्या नऊ वर्षांच्या वर्लीनचं नाव गोऱ्यांच्या शाळेत लिहिलं. आमच्या काळ्या वस्तीतून तेवढं एकच.

शाळा उघडायची वेळ आली तशी गावभर कुजबुज झाली. एका सकाळी मिसेस स्ट्रिब्लिंगची मोटार दारात थांबली. बाई उतरल्या नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "आर्वेला, माझे कपडे दे."

"बाईसाहेब, ओले आहेत अजून."

"ओलेच दे. मी तुझ्याशी कधी वाईट वागले का गं? मग हे काय काढलंस तू?"

आर्वेलाने माझ्यावरचा एकेक चिमटा काढून टोपली भरून दिली. आठवड्याभरात बाकीची घरंही गेली.

मग त्या कोरड्या दिवशी तिने माझा एक लांब तुकडा कापला. तो तुकडा म्हणजे आताचा मी. "हा घे, वर्लीन. शाळेत ने. उड्या मारण्यात तुझ्यासारखी आहे कोण? पोरी बघतील आणि येतील."

"आणि नाही आल्या तर?"

"दोर बघून कुठली पोर गप्प बसते गं?"

आर्वेला शहाणी बाई, पण इथे चुकली.

आमच्या वस्तीतला खेळ असा. दोघी दोन टोकं धरून मला फिरवायच्या आणि गायच्या, "दारात कोण? नाव सांग, आत ये!" मग तिसरी आपलं नाव ओरडून उडी घेत आत शिरायची. नाव सांगितल्याशिवाय आत यायचं नाही.

पहिल्या दिवशी मधल्या सुटीत वर्लीन मला घेऊन उभी राहिली. "कोणी एक टोक धरता का?"

"तू धर की गं," एक गोरी पोर दुसरीला म्हणाली.

"मी नाही बाई. तिचा रंग हाताला लागला तर जायचा नाही मग." सगळ्या खिदळल्या.

वर्लीनने माझं एक टोक कुंपणाच्या लोखंडी खांबाला बांधलं आणि दुसरं हातात घेऊन फिरवू लागली. "दारात कोण? नाव सांग, आत ये!" घंटा होईपर्यंत गायली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खांब, पुन्हा गाणं. ती जेवायला बसली की टेबलावरच्या बाकीच्या उठून जातात, हे तिने घरी जाताना मला सांगितलं. आईला नाही. आई विचारायची, "खेळलीस?" ती म्हणायची, "खेळले."

एकदा मी चिखलात तुडवलेला सापडलो. तिने मला नळाखाली धुतलं आणि पुन्हा खांबाला बांधलं. मला वाटलं, पोरी, आता पुरे कर. पण दोराचं कोण ऐकतं!

फेब्रुवारीत एक दिवस गाणं चालू असताना कोणीतरी ओरडलं, "ग्लेंडा!" आणि एक किडकिडीत गोरी पोर आत शिरली. अकरा उड्या. मी मोजल्या.

"तुझा दोर लई पळतो," ती धापा टाकत म्हणाली.

"दोर बरोबर आहे. तुझे पायच झोपलेत."

दोघी हसल्या. वर्लीनचं शाळेतलं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ग्लेंडा भिंतीपाशीच थांबली. "आईनं सांगितलंय," एवढंच म्हणाली. पुन्हा कधी आली नाही. पण मी फिरू लागलो की तिचे ओठ हलायचे.

वसंतात पुन्हा तो कागद आला. वर्लीन म्हणाली, "आई, मला आपल्या शाळेत जायचंय. तिथे नको."

आर्वेलाने मला हातात घेतलं. "या टोकाला गंज कसला गं?"

"खांबाचा. वर्षभर ते टोक खांबानंच धरलंय."

आर्वेलाने तो गंज अंगठ्याने घासून पाहिला. मग म्हणाली, "नको जाऊस. मी नाही लिहीत."

तेवढ्यात शेजारची नेटी प्यू आली, हातात तसाच कागद, झग्याला बिलगलेली तिची सहा वर्षांची रूथी. "आर्वेला, वर्लीन जाणार असेल तर मी हिचं नाव घालते. एकटीला मात्र नाही पाठवायची."

वर्लीन त्या लहान पोरीकडे पाहत होती. शाळेच्या मैदानातला खांबापाशचा तो कोपरा तिला ठाऊक होता.

"रूथी, दोर फिरवता येतो का तुला?"

"येतो! पण हात दुखतो."

वर्लीनने मोठा श्वास घेतला. "आई, लिही माझं नाव."

आता मी पत्र्याच्या पेटीत आहे. पीळ सैल झालाय, कोणाच्या उपयोगाचा उरलो नाही. तक्रार नाही. पेटी कधी उघडलीच, तर मला फेकण्याआधी एकदा दोघींनी मिळून फिरवा, एवढंच मागणं.

अजून आठवतं, त्या सप्टेंबरात शाळा उघडायच्या आदल्या दुपारी नेटी पायरीवर मला मांडीवर घेऊन बसली होती. माझं खांबाकडचं टोक पीळ सुटून विस्कटलं होतं. तिने त्यावर मऊ चिंधी गुंडाळली आणि दोऱ्याने घट्ट आवळली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती हळूच मला म्हणाली, "माझी पोर लहान आहे रे बाबा. तिच्या हातातून सुटू नकोस."