सरोजिनीबाईंनी केलेली गिटार

तीस वर्षं भूगोल शिकवून सरोजिनीबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. तयार गिटारीचा दांडा त्यांच्या आखूड बोटांना जाड पडायचा, म्हणून प्रत्येक भाग स्वतः निवडून जोडायचं त्यांनी ठरवलं.

बारीक दांडा बंगळुरूहून आला. तारांचा कंप टिपणारे पिकअप कोलकात्याहून आले. लाकूड हलकं हवं म्हणून जवळच्या चांदीप गावातून शिवणीच्या झाडाची फळी आणली, ती शेजारच्या स्टॅनी सुताराने मापात कापून दिली. वसईतल्या त्यांच्या केळीच्या वाडीत दर आठवड्याला कुरिअरवाला येऊ लागला.

"स्थळं बघतेयस की काय?" त्यांचे यजमान काशिनाथराव विचारायचे. "हा बंगळुरूचा, तो कोलकात्याचा."

"तुमच्या वेळी एवढं बघायचं राहून गेलं," बाई म्हणायच्या.

फळीला त्यांनी केळफुलाचा रंग दिला, चार हात.

"वाडीत ठेवू नकोस," काशिनाथराव म्हणाले. "कुणीतरी भाजीला नेईल."

रविवारी सकाळी गिटार जोडून झाली. बाईंनी ती ॲम्प्लिफायरला लावली, तर सुरांऐवजी नुसती घूं घूं. दोन दिवस त्यांनी स्क्रू उघडले, वायरींना सोल्डरचे डाग दिले, व्हिडिओ पाहिले. घूं घूं काही जाईना. तिसऱ्या दिवशी त्या गिटार मांडीवर घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. काशिनाथराव वाडीतून आले, त्यांनी बघितलं आणि थट्टा केली नाही. बाईंना तेच जास्त लागलं.

काशिनाथरावांनी गिटारीच्या वायरच्या पिनेला बोट लावलं. घूं घूं थांबली. बोट काढलं, परत सुरू.

"अर्थिंग नाही हिला," ते म्हणाले. "पंपाच्या मोटारीला आयुष्यभर हेच बघतोय मी. तारा जिथे अडकवल्यात, तो पत्रा काढ."

पत्र्याखाली अर्थिंगची वायर होती. तिच्या उघड्या टोकावर रंगाचा जाड पापुद्रा बसला होता.

"वायरही रंगवलीस," काशिनाथराव म्हणाले. "आता माझ्याकडे बघू नकोस, माझा सदरा धुतलेला आहे."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी टोक घासून चकचकीत केलं, पत्रा बसवला, तारा ताणल्या. घूं घूं गेली होती. मग त्यांनी येत होत्या त्या दोन कॉर्ड वाजवल्या, एकीमागून एक. दांड्यावर बोटं नीट पोचत होती.

"पुढचं?" काशिनाथरावांनी विचारलं.

"पुढचं अजून येत नाही."

"मग हेच परत वाजव," म्हणत त्यांनी खुर्ची जवळ ओढली.